बिननालाचा घोडा

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही घोड्याचे पाय हा विषय सांगितला तेव्हा त्यांना नवल वाटले. आपल्यापैकीही काहींना वाटले असेल. परंतु हमाल, हातगाडीवाले, टांगेवाले आणि डोंगरावरचे घोडेवाले ह्यांच्या संघटनांत आमची तीस वर्षे गेली. शाळा आमची सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगरवाचनालयात आणि ह्या लोकांच्या अड्ड्यांवर. त्यांच्यात वावरताना एक गोष्ट ध्यानात आली ती अशी, की टांगेवाल्याचे हत्यार जिवंत असते. गिरणीतला माग नादुरुस्त झाला तर तो थांबतो. घोडा दुखत असला तरी चालतो. म्हणून त्याचे दुखणे मालकाच्या ध्यानात उशिरा येते, आणि येते तेव्हा घोड्याचा पाय आणि मालकाची चूल दोन्ही एकदमच बंद पडतात.

घोडा आता इतिहासजमा झाला, त्याची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. २०१२ सालच्या मानाने २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी भरली हे खरे. पण उरलेली संख्याही सुमारे ३ लाख ४० हजार होती. वीटभट्टीवर, डोंगराच्या वाटेवर, समुद्राच्या वाळूत आणि लग्नाच्या वरातीत ती राबत आहेत. तेव्हा आज आपण तीन गोष्टींचा विचार करू: घोड्याचा पाय, त्याच्या अंगावरून फिरणारा हात, आणि त्याला शिकवण्याची रीत. ह्या तिन्ही बाबतींत अलीकडे जगभर जो नवा विचार चालू आहे, त्यात जुने शहाणपणही पुष्कळ आहे.

प्रथम पाय. घोडा कशावर उभा राहतो? तो आपल्या मधल्या बोटाच्या टोकावर उभा राहतो. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते वस्तुतः मनगट होय, आणि मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो ती त्याची टाच होय. त्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडे, शिरा आणि दोरासारखे ताठ कंडरे एवढेच. खूर म्हणजे त्या एका बोटाचे नख. आपले नख बोटाच्या पाठीवर बसते, घोड्याचे नख बोटाला चारी बाजूंनी वेढते, एवढाच फरक.

ह्या नखाची बाहेरची भिंत कठीण असते. तिच्या आतल्या अंगास पुस्तकाच्या पानांसारख्या पाचशे-सहाशे पातळ पापुद्र्यांची रांग असते आणि आतल्या हाडावरही तसेच पापुद्रे असतात. दोन्ही रांगा एकमेकींत गुंतलेल्या असतात. घोड्याचे तीनचारशे किलो वजन नुसते तळव्यावर टेकलेले नसते. ते बहुतांशी ह्या गुंतणीला टांगलेले असते. ही गुंतण सुजली आणि सुटू लागली, म्हणजे हाड खाली उतरते आणि घोडा मरणप्राय वेदनेने पुढचे पाय पुढे टाकून उभा राहतो. अति धान्य खाणे हे ह्या रोगाचे एक मोठे कारण आहे. वरातीच्या घोडीला कौतुकाने गूळ, पेढे आणि भिजवलेले हरभरे चारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खुराच्या तळाशी, मागल्या बाजूस, एक त्रिकोणी, रबरासारखा लवचिक भाग असतो. त्याच्या वर तंतूंची आणि कूर्चेची एक गादी असते आणि दोन्ही अंगांस कूर्चेचे दोन पंख असतात. पाऊल जमिनीवर पडले की टाचेकडचा भाग किंचित फाकतो, गादी दबते आणि हादरा पुष्कळसा तेथेच जिरतो. त्याच वेळी खुरातले रक्त वरच्या शिरांकडे लोटले जाते. पाऊल उचलले की पुन्हा नवे रक्त भरते. म्हणजे प्रत्येक पाऊल हे रक्ताला मिळालेली एक ढकल असते. घोडा दिवसभर दाव्याला बांधून ठेवला तर ही ढकल थांबते. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, ह्या तिन्ही प्रश्नांना ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारे आमच्या आजीचे कोडे आपणही ऐकले असेल. खुराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

आता नालाकडे वळू. नाल आणि नालबंद हे शब्दच आपल्याकडे अरबी-फारशीतून आले. प्राचीन ग्रीकांना खिळे ठोकून बसवायचा नाल ठाऊक नव्हता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या अथेन्सच्या सेनानीने घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात घोडा जेथे खरारा करण्यासाठी उभा करायचा तेथे मूठभर आकाराचे गोल गोटे पसरावेत असा सल्ला आहे. त्यावर पाय आपटून खूर आपोआप घट्ट आणि कणखर होतो. युरोपात खिळ्यांचा नाल सर्रास रूढ झाला तो पुढे मध्ययुगात, नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास.

नालाविरुद्ध पहिली पद्धतशीर तक्रार इंग्लंडात ब्रेसी क्लार्क ह्या पशुवैद्याने मांडली. त्याने एका घोडीच्या नाल न मारलेल्या पायाचा साचा घेतला आणि नाल सुरू झाल्यानंतरच्या वर्षांतही त्याच पायाचे साचे घेतले. टाच क्रमाक्रमाने आकसत गेलेली त्यात दिसली. हे प्रयोग त्याने १८०९ साली प्रसिद्ध केले. आमच्या काळात, १९८२ ते १९८६ ह्या वर्षांत, जेमी जॅक्सन ह्या अमेरिकन नालबंदाने पश्चिम अमेरिकेतील मोकाट घोड्यांचे खूर पाहिले. ते आखूड, रुंद टाचेचे आणि कडेला गोलसर झिजलेले होते. पाळीव घोड्याचा खूरही तसाच कापावा, हा विचार तेथून पसरला.

ह्या मताचे सार असे: लोखंड झिजत नाही, म्हणून खूरही झिजत नाही आणि पुढे नांगरासारखा वाढतो. खिळ्यांनी जखडलेली भिंत पुरेशी फाकत नाही. तळवा आणि त्रिकोण जमिनीपासून अधांतरी राहतात, सगळा भार कडेच्या भिंतीवर पडतो, आणि दगडी रस्त्यावर लोखंडाचा हादरा सरळ वर चढतो.

परंतु आम्ही वादात नेहमी दोन्ही बाजूंचे कागद मागतो. येथेही मागितले पाहिजेत. नाल ही काही मूर्खपणाची वस्तू नव्हे. डांबरी किंवा दगडी रस्त्यावर दिवसाला कित्येक मैल ओझे ओढणाऱ्या घोड्याचा खूर वाढण्यापेक्षा जास्त वेगाने झिजतो; अशा घोड्याला उघड्या पायाने पिटाळणे ही क्रूरताच होय. काही आजारांत विशेष आकाराचा नाल हाच उपचार असतो. आणि मोकाट घोड्यांचे पायही निर्दोष नसतात असे ऑस्ट्रेलियातील तपासण्यांत आढळले आहे. तेव्हा नाल वाईट की चांगला हा प्रश्नच चुकीचा. विचारायचे ते हे, की ह्या घोड्याचा वाढ आणि झीज ह्यांचा जमाखर्च जुळतो आहे काय?

हा जमाखर्च सोपा आहे. खूर महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेला उगवलेला खूर पुढच्या बाजूने जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागते. मऊ मातीवर थोडे काम करणाऱ्या घोड्याची वाढ जास्त, झीज कमी. त्याचा खूर चार ते सहा आठवड्यांनी कानसून, कडा गोल करून, समतोल राखला की नालाचे काम पडत नाही. कापताना जिवंत तळवा आणि तो त्रिकोण ह्यांना उगाच हात लावायचा नाही; खूर गुळगुळीत आणि देखणा दिसावा म्हणून ते कोरून काढणे हा पुष्कळ ठिकाणचा दोष आहे. ठाण शेणामुताने ओले राहिले की त्रिकोण सडतो, काळा चिकट स्राव आणि दुर्गंध येतो. त्याचा पहिला इलाज कोरडी जमीन आणि रोज पाय उचलून साफ करणे हाच.

नाल काढल्यावर घोडा दुसऱ्या दिवशी दौडत नाही. कित्येक वर्षे ज्या तळव्याला जमीन लागली नाही तो हुळहुळा असतो. काही आठवडे, पुष्कळदा काही महिने, त्याला मऊ जमिनीवर हळूहळू फिरवावे लागते. खडकाळ वाटेसाठी काढता-घालता येणारे रबरी बूट निघाले आहेत, तेही उपयोगी पडतात. आणि घोडा लंगडत असेल तर आधी पशुवैद्य. तेथे व्याख्यानातले ज्ञान चालत नाही.

बिननालाचा घोडा केवळ हौशी लोकांच्या बागेत चालतो असे मात्र कोणी समजू नये. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यात अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या सांघिक स्पर्धेचे सुवर्णपदक स्वीडनने जिंकले. त्या संघातील हेन्रिक फॉन एकरमानचा किंग एडवर्ड आणि पेडर फ्रेडरिक्सनचा ऑल इन हे दोन घोडे नालावाचून धावले.

आता हाताविषयी. खरारा हा शब्द आपल्या मोतद्दारांना ठाऊक आहे. मालिशही त्यांना नवी नाही. नवे आहे ते त्यामागचे निरीक्षण. दोन घोडे मैत्रीने उभे असले म्हणजे एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, खांद्यांमधल्या उंचवट्यापाशी, दातांनी खाजवतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दक्षिण फ्रान्समधील घोड्यांच्या नेमक्या ह्याच जागी माणसाने खाजवले असता त्यांच्या हृदयाचे ठोके मंद झाले; इतरत्र खाजवल्यावर तसे झाले नाही. तेव्हा घोड्याशी ओळख करून घ्यायची तर नाकावर थापटण्यापेक्षा तेथून सुरुवात करावी.

मालिश करताना तळहात सपाट ठेवून मानेपासून खांद्यावर, तेथून पाठीवर आणि पुठ्ठ्यावर, केसांच्या दिशेने सावकाश जावे. दाब हलका सुरू करून घोडा मान खाली सोडील, डोळे अर्धे मिटील, खालचा ओठ सैल टाकील तसतसा वाढवावा. तो कातडी थरथरवू लागला, कान मागे टाकू लागला किंवा दूर सरकला तर तेथे थांबावे. कारण तो आपल्याला दुखऱ्या जागेचा पत्ता सांगत असतो. गुडघ्याखाली स्नायू नाहीत, म्हणून तेथे रगडू नये; फक्त हात फिरवून ऊन लागते का, सूज आहे का, ते पाहावे. ताप, जखम, पोटशूळ असताना मालिश करू नये. मालिशने लंगडेपणा बरा होतो असे सांगणारा माणूस औषध विकायला आलेला असतो. मालिशचा खरा लाभ असा, की रोज दहा मिनिटे ज्याचा हात घोड्याच्या अंगावरून फिरतो त्याला खोगिराखालचे सोलवटणे, तंगाखालची गाठ आणि आखडलेली पाठ पहिल्या दिवशी सापडते, आठव्या दिवशी नव्हे.

तिसरी गोष्ट शिकवणीची. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. लाखो वर्षे तो पळाला म्हणून जगला. त्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसते, फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे थोडी आंधळी जागा राहते. म्हणून मागून आलेला माणूस त्याला वाघच वाटतो. प्लुटार्कने सांगितलेली बुसेफलस घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो कोणाला आवरेना, तेव्हा लहान अलेक्झांडरने पाहिले की तो आपल्याच सावलीला बुजतो आहे. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे वळवले. बाकीचे सगळे घोड्याशी झुंजत होते, ह्याने त्याच्या भीतीचे कारण शोधले.

सौम्य शिकवण म्हणजे लाड नव्हेत. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो: दाब हलका द्या, आणि घोड्याने योग्य दिशेला एक पाऊल टाकताच तो तत्काळ सोडा. घोडा दाबाने शिकत नाही, सुटकेने शिकतो. लगाम ओढून धरला आणि घोडा थांबल्यावरही तसाच ओढत राहिला, तर थांबण्याचा अर्थ त्याला कळणार कसा? घोडे पेंड खाते ते येथेच. सुटका वेळेवर न मिळालेल्या घोड्याचे तोंड दगड होते, मग मालक अधिक काटेरी लगाम आणतो. तशा टोकदार लगामाला तर आपल्या कायद्यानेच बंदी आहे.

माणसाच्या किती बारीक हालचाली घोडा वाचतो ह्याचा पुरावा बर्लिनमध्ये मिळाला. फॉन ओस्टेन ह्या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो आणि उत्तराइतक्या टापा मारतो, अशी १९०४ च्या सुमारास ख्याती झाली. ऑस्कर फुंग्स्ट ह्या संशोधकाने १९०७ पर्यंत तपास करून दाखवले, की घोड्याला गणित येत नव्हते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि तेवढे पाहून हान्स थांबे. ज्याला केसभर हललेले डोके दिसते, त्याच्याशी चाबकाने बोलण्याची गरज का पडावी?

आणि आता आमच्या अनुभवाच्या जवळची गोष्ट. काही घोडे अगदी शांत असतात. मारले तरी हलत नाहीत, कोणी बसले-उतरले तरी कान हलवीत नाहीत. मालक अभिमानाने म्हणतो, ‘पाहा, किती गरीब आहे!’ अभ्यासक म्हणतात, ह्यांतले काही घोडे शांत नसतात. काहीही केले तरी सुटका नाही हे कळल्यामुळे त्यांनी सांगणेच सोडलेले असते. आम्ही असे कारखाने पाहिले आहेत. तेथे वर्षानुवर्षे एकही तक्रार नोंदलेली नसे, आणि व्यवस्थापक ती कोरी वही आम्हांला दाखवीत असे. कोरी वही म्हणजे समाधान नव्हे, हे आम्हांला कामगारांनी शिकवले. घोड्याची वही त्याच्या तोंडावर असते. २०१४ साली काही पशुवैद्यकांनी वेदनेच्या खुणांची एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली: ताठ मागे गेलेले कान, डोळ्यांवरचा ताण, आवळलेला जबडा, ओढलेले ओठ, ताणलेल्या नाकपुड्या. त्या वाचायला पदवी लागत नाही, नजर लागते.

ज्या टोकियोत बिननालाच्या घोड्यांनी सुवर्णपदक मिळवले, त्याच टोकियोत आधुनिक पंचकर्मी स्पर्धेत एका जर्मन स्पर्धक बाईंना वीस मिनिटांच्या ओळखीचा घोडा चिठ्ठीने मिळाला. घोडा घाबरला, उडी घेईना. बाई रडत होत्या, फटके मारीत होत्या, आणि त्यांच्या शिक्षिकेने घोड्याला गुद्दा मारला. साऱ्या जगाने ते पाहिले. त्यानंतर ह्या स्पर्धेतून घोडेस्वारीच काढून टाकण्याचे ठरले. २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक हे तिचे शेवटचे. दोष त्या घोड्याचाही नव्हता आणि एकट्या त्या बाईंचाही नव्हता. अनोळखी जिवाकडून वीस मिनिटांत आज्ञापालन मागणारी ती व्यवस्थाच दोषी होती.

व्यवस्थेचा विषय निघाला म्हणून शेवटी तिच्याकडे येतो, कारण नुसत्या उपदेशाने खूर सुधारत नाही. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी आपल्याकडे १९६५ पासून नियम आहेत. पाठीवर माल वाहताना तट्टाला ७० किलो, खेचराला २०० किलो, गाढवाला ५० किलो ही कमाल मर्यादा. दिवसात ९ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक नाही, आणि जेथे पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी १२ ते ३ काम नाही. ९ तास आणि ५ तास हे आकडे ऐकून आमचे कामगारबंधू हसतील, कारण १९४८ च्या कारखाना कायद्यात माणसासाठी हेच दोन आकडे होते! कागदावर घोडा आणि कामगार एका रांगेत आले. अंमलबजावणीच्या बाबतीतही पुष्कळदा ते एकाच रांगेत राहिले.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली हौसेच्या फेरीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्यावर पोट असलेल्यांच्या पुनर्वसनाची योजना करायला राज्य सरकारला सांगितले. काँक्रीटच्या शहरात, कोंदट तबेल्यांत त्या घोड्यांचे हाल होत होते हे खरेच आहे. माथेरानात मोटारींना बंदी आहे. तेथे हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले, आणि माणसाने माणसाला ओढण्याची ती रीत जावी हे योग्यच झाले. त्याच डोंगरावर रस्त्याला फरशीचे ठोकळे बसवल्याने घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार राहिली आहे. घोड्याच्या पायाखाली काय असावे हा प्रश्न तेथे पुस्तकी नाही. तो रोजच्या भाकरीचा आहे.

आम्हांला असे वाटते, की घोड्याची कणव आणि घोडेवाल्याची भूक ह्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे लोक दोघांचेही नुकसान करतात. एका थंड हवेच्या ठिकाणी एका घोडेवाल्याला आम्ही म्हणालो, घोड्याला आठवड्यातून एक दिवस सोड. तो म्हणाला, ‘दादा, घोडा सुट्टी घेईल हो, पण त्याची चंदी सुट्टी घेत नाही.’ ह्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय आमचे सारे ज्ञान फोल आहे.

उत्तर आम्हांला एकच दिसते, आणि ते जुने आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. ती कोणा एका कामगाराने मागून मिळाली नसती. एकटा मागणारा दुसऱ्या दिवशी कामावरून गेला असता. अ‍ॅना सेवेल ह्या इंग्लिश लेखिकेच्या १८७७ सालच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ ह्या प्रसिद्ध कादंबरीतला गाडीवानही सहा दिवसांचाच परवाना घेतो आणि सातव्या दिवशी आपण व आपले घोडे विसावा घेतो. पण ते त्याला जड जातेच, कारण शेजारचा गाडीवान सातही दिवस धावत असतो. एकट्याची विश्रांती म्हणजे उपाशी राहणे. सगळ्यांची विश्रांती म्हणजे नियम. अड्ड्यावरचे सगळे घोडेवाले एकत्र आले, पाळीपाळीने घोडे सोडले, दर एक ठरवला, फेरीमागे थोडे पैसे वेगळे काढून खूर कानसणारा शिकलेला माणूस महिन्यातून एकदा आणला, आणि नाल काढलेल्या घोड्याच्या मालकाला त्या महिन्यांत फंडातून आधार दिला, तर बिननालाचा घोडा ही श्रीमंताची चैन राहणार नाही. आपल्या नालबंदांनाही त्यात वाईट वाटण्याचे कारण नाही. लोखंड ठोकणाऱ्या त्या हातालाच खूर सर्वांत चांगला कळतो. त्याला नवे शिक्षण आणि नेमाने वेतन मिळाले, तर तोच ह्या कामाचा पहिला कारागीर ठरेल.

आणि श्रोतेहो, आपण? उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण डोंगरावर जातील. तेथे घोड्यावर बसण्यापूर्वी दोन मिनिटे त्याच्यासमोर उभे राहा. चारही पाय सारखे टेकले आहेत का, पाठ सोलवटलेली नाही ना, कान आणि डोळे काय सांगतात, ते पाहा. घोडेवाल्याला त्याचे नाव विचारा आणि घोड्याचेही विचारा. आपले वजन जास्त असेल तर संकोच न करता पायी चाला. भाव करताना दहा रुपये कमी केल्याचा आनंद घरी आणू नका. ते दहा रुपये बहुधा चंदीतून किंवा खुराच्या कानशीतून जातात. एवढे आपण केलेत, तर ह्या मंडपात आम्ही घेतलेला आपला तास वाया गेला नाही असे आम्ही समजू.